चित्राबद्दल आपण आपल्या भाषेत बोलतो का? (गोव्यातल्या चित्रकारांना आणि चित्र बघणाऱ्यांना प्रश्न)

केरीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते. लांबलंय, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

मी सत्तरीतल्या केरीची, नोकरीमुळे आता रायबंदरला राहते. शिक्षण मराठीतून झालं, बाजारात कोंकणी, ऑफिसात कामापुरतं इंग्रजी. जलरंगात चित्रं काढते. कला महाविद्यालयात गेलेले नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी हात धरून जे शिकवलं तेवढंच, पुढचं सगळं सवयीनं आलं. सुट्टीच्या दिवशी फेरीबोटीनं दिवाडीला जाते आणि खाजन शेताच्या (नदीकाठचं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत) बांधावर बसते. तिथे मला कधीच परकं वाटत नाही. गुरं घेऊन जाणारा माणूस थांबतो. एखादी म्हातारी मावशी "कितें काडटा गो बाय?" म्हणत जवळ येते, कागदात डोकं घालून बघते आणि "म्हजें घर खंय?" असं विचारते. घर दिसत नसेल तर ते माझ्याकडून चित्रात काढून घेते. तिच्या घराशिवाय ते चित्र पुरं कसं होणार?

गेल्या थंडीत पणजीत एका समूह प्रदर्शनासाठी माझं एक चित्र निवडलं गेलं. चित्रात मानस आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं फळ्या मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला त्या उघडतात आणि आतलं पाणी नदीला जातं. त्या फळ्यांवर चढलेलं शेवाळ, भरतीची ओली रेघ आणि तिच्यावरचं कोरडं लाकूड एवढ्यासाठीच मी ते चित्र काढलं होतं. ओल्या लाकडाचा काळा आणि सावलीचा काळा वेगळे दिसावेत म्हणून काळा रंग अजिबात न घेता इंडिगो आणि बर्न्ट सिएनावर काम केलं.

आयोजकांनी इंग्रजीत निवेदन मागितलं. मी मराठीत चार ओळी दिल्या. त्यावर त्यांच्याकडच्या कुणीतरी काहीतरी लिहून लावलं. उद्घाटनाला गेले आणि माझ्याच चित्राशेजारची पाटी मी परत परत वाचली. तिच्यात स्मृती होती, विस्थापन होतं, सीमारेषा होत्या. मानस नव्हती, भरतीही नव्हती. हॉलमध्ये लोक चित्रांकडे पाठ करून घोळक्यांनी उभे. एका बाईंनी आपणहून येऊन विचारलं, हे काय आहे? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत फळ्या कशा मिटतात ते सांगायला लागले. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघून हसल्या, आणि पाटीतलेच शब्द घेऊन शेजारच्या गृहस्थांशी बोलायला लागल्या. पुढचं सगळं बोलणं माझ्या चित्राबद्दल होतं आणि मी तिथेच उभी होते. कुणी अपमान केला नाही, उलट सगळे चांगलेच वागले. तरी घरी आले ती आपण तिथे नव्हतोच असं वाटत.

मला हा प्रश्न नुसत्या इंग्रजीचा वाटत नाही. आमच्या गावात जत्रेला संगीत नाटक होतं. दिवसभर काजूच्या बागेत राबलेली माणसं रात्रभर बसतात आणि सकाळी चहाच्या दुकानात सांगतात की दुसऱ्या अंकातलं पद चढलं होतं पण तान आखूड घेतली, ऑर्गनवाल्यानं जागा भरली म्हणून निभावलं. गाण्यावर बोलायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. तीच माणसं चित्रासमोर उभी राहिली की "छान आहे" म्हणून गप्प होतात. चित्राबद्दल चार माणसांत मोकळं बोलण्याची रीत आपल्याकडे रुजलेलीच नाही, आणि जिथे ती रीत आहे तिथे आपण पाहुणे आहोत, असं माझं मत झालंय. तुमचा अनुभव काय?

(मराठी की कोंकणी हा राजभाषेचा वाद इथे नको, ही हात जोडून विनंती. माझ्या कोंकणी बोलणाऱ्या मैत्रिणींचंही हेच दुखणं आहे.)

---

फोंडेकर

पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत पटलं. चित्रकार नाही, नाटकवेडा आहे. तुम्ही म्हणता ती चहाच्या दुकानातली समीक्षा मी लहानपणापासून ऐकत आलोय. चित्राबद्दल मात्र घरात एकच बोलणं आठवतं, दिवाळी अंक आला की मुखपृष्ठावरून व्हायचं ते. आजोबांकडे दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं जपून ठेवलेली होती. दलाल मूळचे आपल्या गोव्याचे, १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. आजी म्हणायची, या बाईनं पदर धरलाय तो खरा धरलाय, दाखवायला नाही. तिला कधी कुणी आर्ट गॅलरीत नेलं नाही.

---

अल्तिन्होचा जुना विद्यार्थी

ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण निदान पूर्ण पटलं नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मी पणजीत अल्तिन्होच्या कला महाविद्यालयातून शिकलो आणि चित्रं विकून घर चालवतो. निवेदन म्हणजे बाहेर ठेवण्याची युक्ती नव्हे. गोव्यात चित्र विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा दिल्ली-मुंबईचा किंवा परदेशातला असतो, त्याला शेवाळ आणि मानस कुठून ठाऊक असणार? कुणीतरी पूल बांधावाच लागतो. चूक एवढीच झाली की तो पूल तुमच्या चित्रापर्यंत न येता भलतीकडेच गेला. तो त्यांचा दोष, निवेदन या गोष्टीचा नव्हे. पुढच्या वेळी भरती-ओहोटीचं हेच चार ओळींत लिहा, भाचीकडून इंग्रजी करून घ्या, आणि दुसरं काही लावू देऊ नका. तसा हक्क तुम्हाला आहे.

दुसरं म्हणजे दारं वाटतात तितकी बंद नाहीत. डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी महोत्सव असतो, २०१६ पासून चाललाय, पणजीत जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत खोल्याच्या खोल्या भरून चित्रं असतात, नाव नोंदवलं की फुकट बघायला मिळतात. आपली किती माणसं जातात? बसस्टँडवरून चालत जाण्याजोगं अंतर आहे.

आणि एक गोष्ट सांगतो जी सहसा बोलत नाही. तुम्हाला गॅलरीत परकं वाटलं, मला गावात वाटतं. देवळात भजनाला बसलो की शेजारचा विचारतो, सध्या काय करतोस? चित्रं काढतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ते झालं, पण काम काय करतोस? गॅलरीत निदान हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे माझी भाषा अडखळते पण माझा धंदा मान्य असतो. इथे भाषा माझी आहे आणि धंदा कुणालाच मान्य नाही. लग्नकार्यात तर मी हल्ली ड्रॉइंग मास्तर आहे असंच सांगतो, म्हणजे विषय संपतो. या दोन्हींत कुठलं परकेपण जास्त जड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

पुण्यातली गोंयकान्न

भाषा आली की आत घेतात, असा सूर दिसतोय म्हणून लिहिते. आंजेलो द फोन्सेका यांचं उदाहरण बघा.

१९०२ चा जन्म, गाव सांतो इस्तेव्ह, म्हणजे केरीवालीताई बसतात त्या दिवाडीच्या शेजारचंच जुवें बेट. जमीनजुमला असलेलं ख्रिस्ती घर. भाषा, घराणं, धर्म, सगळं होतं. वैद्यकीचं शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात गेले, तिथलं विलायती वळण मानवलं नाही म्हणून शांतिनिकेतन गाठलं, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परत आले आणि मारिया मातेला साडी नेसवली. चेहरा आपल्या मातीतला, पाय अनवाणी, बाळ कडेवर. तेव्हाच्या गोव्यात चर्चच्या मंडळींना ते सोसलं नाही. शेवटी त्यांनी गोवा सोडला. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर चित्रं काढली आणि १९६७ मध्ये पुण्यातच गेले. नंतर त्यांच्या पत्नीनं बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चला दिली.

मी त्यातली काही बघितली आहेत. जलरंगाचे पातळ थर, एकावर एक, आणि साडीचा काठ इतका नेमका की नेसणारी बाई आपल्या ओळखीची वाटावी. मी हिंदू घरातली. पण त्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा मला माझी मामी दिसली, कडेवर मूल घेऊन विहिरीवर निघालेली. म्हणजे ज्यांच्यासाठी काढलं त्यांनी नाकारलं आणि मी, जिचा त्या धर्माशी संबंध नाही, तिला ते घरचं वाटलं.

माझं म्हणणं असं, की चित्रकाराला आतून हाकललं जाऊ शकतं. त्याला इंग्रजी-मराठीचा इलाज नाही. फोन्सेकांनी साडी काढायचं सोडलं असतं तर त्यांना गोव्यात राहता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.

---

मांडवीकाठ

फोन्सेकांचं वाचून बरं वाटलं, पण त्यांच्या शेजारी गायतोंडे ठेवून बघा. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावात. १९४८ ला जे. जे. तून बाहेर पडले. पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये एका छोट्या जागेत राहिले, माणसांत फारसे मिसळले नाहीत, वर्षाकाठी मोजकीच चित्रं केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांचं दूर राहणं हे त्यांनी निवडलेलं होतं. ते समारंभात नसत कारण त्यांना नको होतं. हल्ली आमच्यासारख्या नवख्यांना हाच सल्ला मिळतो, लोकांत जाऊ नका, एकटे राहा, काम करा. पण गायतोंड्यांना एकटं राहणं परवडलं ते आधी मुंबईत समकालीन चित्रकारांच्या संगतीत उमेदीची वर्षं काढली म्हणून. वाद झाले, एकमेकांची चित्रं बघितली गेली, मग दार लावून घेतलं. ज्याला दारातून आतच घेतलेलं नाही त्याला 'एकांतात साधना कर' असं सांगणं मला क्रूर वाटतं. केरीवालीताईंना एकांत भरपूर आहे, बांधावर बसून त्यांना तोच मिळतो. त्यांना हवी आहे संगत, आणि ती मागण्यात काही कमीपणा नाही.

---

मूर्तीकाम

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

डिचोली तालुक्यात आमची गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे. आजोबांपासून. मला कुणी चित्रकार म्हणत नाही, मीही म्हणवून घेत नाही. पण केरीवालीताईंनी लिहिलं की आपल्या लोकांना चित्रावर बोलता येत नाही, ते मला मान्य नाही. चवथीच्या आधी आमच्या शाळेत येऊन बसा.

लोक आपापला पाट घेऊन येतात, मूर्ती त्याच पाटावर करायची असते. पाट ठेवताना सांगतात, गेल्या वर्षी नजर जरा वर गेली होती, यंदा देव घरातल्यांकडे बघू दे. माती वाळत असताना परत येतात. सोंडेला वळण आलंय पण भार नाही, म्हणतात. पोट बसलंय, खांदे ताठ झालेत. रंग चढला की पितांबराच्या चुण्यांवरून वाद. एकदा एक आजी आल्या, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, पिवळा ओरडतोय, शेंदराला बोलू देत नाही. मी पितांबरावर पातळ तपकिरी हात फिरवला. लगेच शेंदूर पुढे आला. आर्ट कॉलेजात हे काय नावानं शिकवतात मला माहीत नाही, आजींना माहीत होतं.

डोळे सगळ्यात शेवटी आखतो. आधी पांढरा, मग वरच्या पापणीची रेघ एका श्वासात, मग बुबुळ. बुबुळ पापणीला किती टेकवायचं यावर सगळं आहे. केसभर खाली राहिलं तर देव दचकल्यासारखा दिसतो. त्या वेळी शाळेत जमलेली माणसं आपोआप बोलायची थांबतात, आणि रेघ पुरी झाली की पाठीमागून कुणीतरी "हां, आला" म्हणतं. तो "आला" मिळाला नाही तर मी पुसून परत करतो. ते चुकत नाहीत.

पावसात माती वाळत नाही, मजुरी वाढली, प्लास्टरच्या मूर्ती बंदी असूनही बाहेरून येतात, ती रडगाणी इथे नको. सांगायचं एवढंच की बोलणारी माणसं आहेत. ती गॅलरीत गेली की गप्प होतात, कारण तिथे त्यांच्याकडून पाट कुणी घेत नाही.

---

केरीवाली

मूर्तीकाम दादा, तुमचा प्रतिसाद ऑफिसातून घरी येईपर्यंत बसमध्ये दोनदा वाचला. माझ्या घरीही चवथीला मातीचाच गणपती असतो, बाबा दरवर्षी शाळेत जाऊन हेच सगळं बोलून येतात, आणि मी ते बोलणं चित्राच्या बाजूला कधी धरलंच नव्हतं. तुमचं म्हणणं मी स्वीकारते. बोलण्याची रीत आहे. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली नाही.

अल्तिन्होचे दादा, निवेदनाचा सल्ला घेते. भाची नाही, पण शेजारची मुलगी बारावीला आहे, तिला मानस दाखवूनच लिहायला बसवीन. तुमचा भजनातला अनुभव वाचून मात्र वाईट वाटलं. तुमच्या गावात असते तर मी नक्की विचारलं असतं की सध्या कोणतं चित्र चाललंय. चित्रकार लक्ष्मण पै यांनी गाण्यातल्या रागांवर चित्रं केली, १९७७ ते १९८७ तुमच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. गाण्यातली माणसं आणि चित्रातली माणसं एका ओट्यावर बसू शकतात हे त्यांच्याकडे बघून वाटतं. भजनी मंडळाला एकदा ती चित्रं दाखवा ना.

मांडवीकाठ, तुम्ही 'संगत' लिहिलंत आणि मला नेमकं कळलं मी काय मागत होते. म्हणून विचारते. पणजीत फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. सांगेचे, १८७० चा जन्म, जे. जे. त शिकवायचे. बायको, मुली, घरातली माणसं त्यांनी अशी रंगवली आहेत की बघत राहावं. आपण पाच-सहा जण ठरवून जाऊया का? एकेका चित्रासमोर उभं राहून आपल्या बोलीत बोलायचं, मराठीत, कोंकणीत, जमेल तसं. कुणी पाटी आधी वाचायची नाही.

---

फोंडेकर

मी येतो. बायकोलाही आणतो, तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं.

---

नवशिकी_पेडणे

थोडं विषयांतर, पण ताई जलरंगवाल्या आहेत म्हणून विचारते. पावसाळ्यात माझ्या कागदावर रंग टाकला की ठिपके पडतात, पाणी सोकल्यासारखं होतं. कागद चांगला जाड आहे. काय करावं?

---

केरीवाली

कागदाचं साइझिंग (पाणी एकदम शोषू न देणारा लेप) दमटपणानं गेलंय. तो कागद आता सरावाला वापर, चांगल्या चित्राला नको. नवीन कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद ठेव, लागेल तेवढाच बाहेर काढ. भिंतीला टेकलेल्या कपाटात तर अजिबात ठेवू नकोस. आणि तूही ये आमच्याबरोबर.

---

अल्तिन्होचा जुना विद्यार्थी

मी येईन. एक अट, पहिल्या चित्रावर मी बोलणार नाही. मला सवयीनं कॉलेजातले शब्द येतील. फोंडेकर वहिनींनी सुरुवात करावी.

भजनी मंडळाचं बघतो. पेटीवाले काका ऐकतील असं वाटतं, बाकीच्यांना वेळ लागेल.

---

पुण्यातली गोंयकान्न

मे महिन्यात गावी येणार आहे. तेव्हा ठेवलंत तर मला सोबत घ्या, पर्वरीला फोन्सेकांची चित्रं बघता येतील का ते मी फोन करून विचारते.

---

मूर्तीकाम

मे चालेल. जूनपासून मला उठता येत नाही, माती येते. त्रिंदादबाबांचं नाव ऐकून आहे, चित्र बघितलेलं नाही.

त्यानंतर सगळ्यांनी आमच्याकडे यावं. श्रावणात या, तेव्हा रंगकाम चालू असतं, चवथीच्या आदल्या आठवड्यात नको, पाय ठेवायला जागा नसते. केरीवालीताई, बाबांना विचारून पाहा. यंदा पाट आमच्याकडे द्यायचा असेल तर लवकर कळवा, आणि गेल्या वर्षीच्या मूर्तीत काय खटकलं तेही सांगा.